काडतूस, छर्रा आणि ग्रुपिंग : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

एअर रायफल शिकायला येणारी पोरं, .२२ चं लायसन्स काढलेले नेमबाज, पीक राखणीसाठी बंदूक बाळगणारे शेतकरी आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन गावी आलेले सुभेदार मामा, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. हल्ली त्यात अमेरिकेतल्या व्हिडिओंची भर पडलीय. तिकडचा माणूस गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं भरतो आणि तीनशे यार्डांवर नाण्याएवढ्या जागेत गोळ्या घालतो. ते पाहिलं की इकडे फोन सुरू. उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

सर, ही व्हार्मिंट रायफल म्हणजे नक्की काय? आपल्याकडं मिळते काय?

अमेरिकेत कुरणं आणि पिकं पोखरणाऱ्या लहान प्राण्यांना व्हार्मिंट म्हणतात. प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग, कधी कोयोटी. त्यांच्यावर लांबून बार टाकायला जी रायफल वापरतात ती व्हार्मिंट रायफल. नळी जाड आणि जड, वर मोठी दुर्बीण, गोळी हलकी पण प्रचंड वेगाची. .२२ हॉर्नेट १९३० च्या सुमाराचं, .२२० स्विफ्ट १९३५ चं, .२२२ रेमिंग्टन १९५० चं. नंतर .२२३ आणि .२२-२५० आले, आणि २००४ मध्ये .२०४ रुगर. हीच त्या घराण्यातली नावं.

एवढा अट्टहास कशासाठी, ते आकड्यांत बघा. प्रेअरी डॉग मागच्या पायांवर उभा राहिला तरी त्याची रुंदी जेमतेम तीन इंच. एक मिनिटाचा कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर साधारण एक इंच होतो, ३०० यार्डांवर तीन इंचांहून किंचित जास्त. म्हणजे गोळ्या एवढ्या कोनात घालणारी एक मिनिटाची रायफल, जी हरणाच्या शिकारीला उत्तम समजली जाते, ती इथं काठावर पास. म्हणून ते लोक अर्ध्या मिनिटाच्या मागे लागतात. आपल्याकडे असा शिकारीचा प्रकार कायद्यात बसतच नाही, त्यामुळे त्या नावाची रायफल शोधत दुकानं फिरू नका. पण अर्धा मिनिट गाठायला त्यांनी जे शोधून काढलं, ते आपल्या ५० मीटर आणि १० मीटरच्या लेनवरही उपयोगी पडतं.

हातानं काडतूस भरलं की ग्रुप लहान होतो, हे खरं काय?

खरं आहे. ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांची भोकं कागदावर किती जागेत पडली ते. पण हाताला काही जादू नाही. कारखान्यातलं काडतूस सगळ्यांच्या रायफलीत बसावं अशा बेतानं बनतं. घरी भरणारा एकाच नळीसाठी भरतो, फरक एवढाच.

काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, टोपी म्हणजे प्रायमर, दारू आणि गोळी. एकदा बार झाला की पुंगळी फुगून त्या रायफलीच्या चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचा, आकार घेते. कसलेला माणूस ती पुन्हा वापरताना तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, अगदी थोडा, साधारण पाच शतांश मिलिमीटरच मागे दाबतो. म्हणजे पुढच्या वेळी ती चेंबरमध्ये सैल खेळत नाही आणि गोळी नळीच्या मध्यरेषेत उभी राहते. दुसरी गोष्ट गोळीच्या उडीची. पुंगळीतून सुटलेली गोळी नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, भिडेपर्यंत थोडं अंतर मोकळी जाते. हे अंतर किती ठेवायचं ते घरी भरणारा ठरवतो. कारखान्याला तशी मुभा नाही, कारण काडतूस सगळ्यांच्या मॅगझिनमध्ये मावलं पाहिजे. मग पुंगळीची मान गोळीला प्रत्येक वेळी सारख्याच जोरानं धरते का, गोळी वाकडी तर बसली नाही ना, दारू तोलून घातली की अंदाजानं, असे प्रश्न येतात. यातलं गोळीचं वाकडेपण मला सर्वांत मोलाचं वाटतं. वाकडी निघालेली गोळी पुढं काहीही केलं तरी सुधारत नाही. टोपीची खोबण खरवडून एकसारखी करणं, पुंगळ्या वजनानं लावून ठेवणं वगैरे सोपस्कार त्या मानानं गौण. रिकाम्या संध्याकाळी करायला बरे.

आणखी एक, नळीच्या पिळाचं. .२२२ आणि .२२-२५० च्या बहुतेक जुन्या नळ्यांना चौदा इंचांत एक फेरा असा सावकाश पिळ असतो. त्यातून ५५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमची गोळी छान जाते. ७५ ग्रेनची लांब गोळी घातली की ती हवेत डोलायला लागते आणि कागदाला आडवं भोक पाडते. तिला आठ इंचांत एक फेरा असा जलद पिळ लागतो. कितीही जपून भरा, नळीला न मानवणारी गोळी सरळ जात नाही.

दारू जराशी जास्त घातली तर वेग वाढून नेम सुधारतो म्हणे?

नाही. वेग वाढतो, नेम सुधारेलच असं नाही. बहुतेक रायफली सर्वांत जड भरणीच्या बऱ्याच अलीकडे सर्वांत चांगला ग्रुप देतात. आणि दाब सरळ रेषेत वाढत नाही. वरच्या टोकाला चिमूटभर दारूनंही तो एकदम चढतो. टोपी फाटणं, बोल्ट अडकणं, पुंगळी फुटून गरम वायू डोळ्यावर येणं, हे त्याचे परिणाम. .२२-२५० आणि स्विफ्टच्या नळ्यांचे घसे, म्हणजे चेंबरपुढचा भाग, जोरकस भरणीनं लवकर जळतात ते वेगळंच.

व्हार्मिंटवाले वेगापेक्षा वेगातल्या फरकाला घाबरतात. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १५ मीटरचा फरक पडला तर १०० यार्डांवर तो दिसतही नाही, ३०० यार्डांवर मात्र पाऊण ते एक इंच वर-खाली होतं. त्यात वर वाऱ्याचा हिस्सा. म्हणून १०० यार्डांवरचा सुंदर कागद घेऊन कुणी मिरवायला लागला की तिकडचे म्हातारे म्हणतात, तीनशेवर दाखव.

मग हे मी घरी का करू नये? लायसन्स आहे की माझ्याकडं.

तुमच्याकडं आहे ते बंदूक बाळगायचं लायसन्स. काडतूस बनवायचं लायसन्स वेगळं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रं आणि दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो, आणि कलम २ मधल्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रंसुद्धा ‘दारूगोळा’ या शब्दात येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. ही दंडाची पावती फाडून सुटण्यातली गोष्ट नव्हे.

कुणी सांगेल, अहो पुण्याचा अमका करतो, गोव्यात तमक्याकडं काडतूस भरायचं प्रेस आहे. असेल. पोलिस दारात आले की तो तमका तुमचा फोन उचलणार नाही. आमच्याकडं शिकायला येणाऱ्यांनी हा विषय माहितीपुरता वाचावा, भरणीची, म्हणजे कुठल्या गोळीला किती दारू याची, कोष्टकं मागू नयेत; देणार नाही.

आमच्या आज्जाकडं ठासणीची बंदूक होती. तो दारू स्वतःच ठासायचा. मग ते कसं चालायचं?

ठासणीच्या बंदुकीला काडतूसच नसतं. दारू, चिंधी, छर्रे तोंडातून घालून गजानं ठासायचे, ती चालवायची पद्धतच तशी. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आजही आहे. पण नळी गुळगुळीत, आत आटे नाहीत, त्यामुळे अर्ध्या मिनिटाची गोष्ट तिच्यापुढं काढू नये. आज्जाची बंदूक घरात पडून असेल आणि लायसन्स त्यांच्याच नावावर राहिलं असेल, तर आधी ती रीतसर पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करा, मग वारसाच्या अर्जाचं बघा. माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवणं हा उपाय नाही.

जनावरं चारायला गेलं की फायरिंग रेंजच्या कडेला पुंगळ्या सापडतात. पितळ चांगलं असतंय. आणल्या तर?

आणू नका. भंगाराच्या भावासाठी नको ते गळ्यात पडतं. पुंगळ्यांत एखादं न उडालेलं काडतूस असू शकतं, आणि फील्ड फायरिंगच्या जागी त्याहून वाईट, न फुटलेलं काहीतरी. पोरांना हे मुद्दाम सांगा. पोरं चकाकणारी वस्तू खिशात घालतात. ज्यांच्याकडं रीतसर काडतुसं आहेत त्यांनीही प्रवासाची बॅग आणि रेंजची बॅग वेगळी ठेवावी. सांबऱ्याला विमानतळावर एक्स-रेमध्ये बॅगेच्या अस्तरात घरंगळलेलं एक काडतूस दिसलं तरी विमान चुकतं आणि दिवस चौकीत जातो.

.२२ ची रिकामी पुंगळी परत भरता येते काय?

व्यवहारात नाही. मोठ्या काडतुसाला मागं मध्यभागी वेगळी टोपी असते, ती काढून नवी घालता येते. .२२ रिमफायरमध्ये टोपीतलं स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेच्या घडीत आतून बसवलेलं असतं आणि घोडा ती कडच चेपतो. एकदा चेपली की संपलं.

आता जरा विचार करा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं. दोन्ही प्रकार .२२ रिमफायरचे. आपल्यापासून तास-दोन तासांवरची ही माणसं, आणि त्यांच्या प्रकारात हातानं भरलेलं एकही काडतूस नसतं. तिथल्या लक्ष्याचा दहा गुणांचा घेर १०.४ मिलिमीटर आहे, पन्नास मीटरवर. म्हणजे पाऊण मिनिटाच्याही आत. व्हार्मिंटवाल्यांना जे साधायला पुंगळ्या घासत बसावं लागतं, ते हा खेळ कारखान्याच्या डब्यातून साधतो, डबा नीट निवडून.

डबा निवडायचा म्हणजे नेमकं काय?

डब्यावर लॉट नंबर, म्हणजे काडतुसं कुठल्या खेपेत बनली तो क्रमांक, छापलेला असतो. त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या, त्याच किमतीच्या दोन लॉटमध्ये तुमच्या नळीला एक आवडतो, दुसरा नाही. का, ते आधी कुणीच सांगू शकत नाही, मारूनच कळतं. ईली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांकडं त्यासाठी खास बोगदे आहेत. तिथं नळी शिकंज्यात धरतात, वारा नसतो, लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो जमला त्याची पेटी नेमबाज उचलतो. घरी काडतूस भरणारा नळीसाठी काडतूस घडवतो, हा नळीसाठी काडतूस शोधतो.

आपल्याला बोगदा परवडत नाही. शिवाय लायसन्सवर वर्षाला किती काडतुसं घेता येतील ती मर्यादा लिहिलेली असते, तीही जपायची. तरी हे करता येतं : क्लबातली चार-पाच माणसं मिळून वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा घ्या. ज्याच्या नावावरची काडतुसं त्यानंच मारायची, देवाणघेवाण नको. सकाळी वारा सुटायच्या आत, टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून प्रत्येकानं आपल्या लॉटचे दहा-दहाचे ग्रुप काढायचे आणि कागद जपून ठेवायचे. पुढच्या खेपेला लॉटांची अदलाबदल, म्हणजे ज्याला त्याला दुसऱ्या लॉटचा डबा विकत घेता येईल असं डीलरशी आधी बोलून ठेवा. जमलेला लॉट मिळाला की वर्षाचा कोटा त्यातच घालावा. लॉट बदलला की पहिले काही बार नळीला त्याचं ग्रीस लागण्यातच जातात, ते मोजू नका. मागच्या लॉटची मेणचट वंगणं नव्याला बिघडवतात, हे पाहण्यातलं आहे.

वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, क्लबात असेल तर सोन्याहून पिवळं. मॅचचं .२२ काडतूस सेकंदाला साधारण ३२५ मीटरनं निघतं. ५० मीटर जाईपर्यंत गोळी बारा-तेरा सेंटीमीटर खाली पडलेली असते. दोन काडतुसांत सेकंदाला दहा मीटरचा फरक असला तर या पडण्यात सात-आठ मिलिमीटरचा फरक येतो. १०.४ च्या घेरात सात-आठ! नळीच्या कंपनानं त्यातलं थोडं भरून निघतं, पण त्यावर विसंबू नये. कागदावर उभी रांग दिसली तर आधी काडतुसाकडं बघा, आडवी दिसली तर वाऱ्याकडं. तिरकी दिसली तर बहुधा ट्रिगर ओढणाऱ्या बोटाकडं.

काडतुसं तराजूवर तोलून वेगळी करू काय? एक जण कडेची जाडी मोजतो म्हणतात.

स्वस्त काडतुसं असतील तर करा, एखादं फारच वेगळं निघालेलं सापडतं. मॅचच्या काडतुसांवर हा वेळ फुकट. तराजूवर पितळ, शिसं, दारू सगळं एकत्र तोललं जातं. फरक पितळेतला की दारूतला ते कळत नाही.

मग हाय व्हेलॉसिटी घेतलं तर वारा कमी लागेल की?

उलटंच होतं. अनेकांना पटत नाही, पण .२२ मध्ये जास्त वेगाचं काडतूस आडव्या वाऱ्यात जास्त सरकतं. गोळी आवाजाच्या वेगाच्या आसपास असली की हवेचा रोध एकदम वाढतो, आणि वाऱ्याचं सरकणं गोळी किती वेळ हवेत आहे त्यावर नव्हे तर रोधामुळं ती किती रेंगाळते त्यावर ठरतं. सावकाश मॅच काडतूस तो पट्टा टाळतं. तरीही ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर त्याला अडीच सेंटीमीटरच्या आसपास ढकलतो. आपल्याकडं जूनपासून पश्चिमेचा वारा दिवसभर असतो. लेनच्या कडेला दोन-तीन ठिकाणी साध्या चिंध्या बांधा, शेवटच्या टोकापेक्षा तुमच्या जवळची चिंधी जास्त बघा. जवळ ढकललेली गोळी पुढं सगळं अंतर सरकत जाते.

तीन गोळ्यांचा ग्रुप बघा की सर, एका भोकात आहे!

छान. आता दहांचा दाखवा. त्याच रायफलीचे, त्याच माणसाचे दहाचे ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून मोठे येतात, आणि पाचचे सव्वापट. गोळ्या वाढल्या की एखादी कडेला जाण्याची संधी वाढते, इतकं साधं गणित. तीनच्या ग्रुपवर लॉट बदलणारा, स्क्रू फिरवणारा, दुर्बीण विकणारा माणूस आयुष्यभर नशिबाचा पाठलाग करतो. सैन्यातून आलेले मामा लोक पाचच्या ग्रुपिंगला सरावलेले असतात, त्यांनी दोन पाचचे ग्रुप एकाच कागदावर मारावेत. आणि ‘ही एक माझी चुकली’ म्हणून बाजूला काढायची असेल तर ट्रिगर सुटताच, भोक बघायच्या आधी सांगा.

माझ्याकडं फक्त एअर रायफल आहे. तिला यातलं काय लागू?

जवळजवळ सगळं, आणि लायसन्सच्या कटकटीशिवाय. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्यातून सुटलेली आहे; बिल आणि ओळखपत्राची प्रत मात्र बॅगेत ठेवा.

छर्रा म्हणजे इथलं काडतूसच. चांगल्या छर्‍याच्या डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या या फरकानं ग्रुप बदलतो. तिन्ही मापांची थोडी थोडी खरेदी करून, टेकूवर, दहा मीटरवर दहा-दहा मारून बघायचं. स्पर्धेच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, त्यामुळे भोकांवर डोळ्यांनी फसायला होतं. कागद उजेडाकडं धरून दोन टोकांच्या भोकांच्या बाहेरच्या कडांतलं अंतर मोजा आणि त्यातून एका छर्‍याचा व्यास वजा करा.

छर्‍याचा घागरा, म्हणजे मागची पातळ कड, हे त्याचं सर्वांत नाजूक अंग. डबा जमिनीवर पडला की डझनभर घागरे चेपलेले असतात आणि चेपलेल्या घागऱ्यातून हवा एका बाजूनं आधी सुटते. मूठभर छर्रे खिशात ओतून लेनवर जाणाऱ्या पोराला मी तिथंच थांबवतो. डब्यातून एकेक उचला, नखावर उभा करून फिरवा, चेपलेला असेल तर बाजूच्या वाटीत. सकाळचा सराव या वाटीतल्या छर्‍यांवर करायला हरकत नाही.

स्प्रिंगची रायफल आहे. आज एक ग्रुप, उद्या दुसरीकडंच. नळी बाद झाली काय?

नळी बाद व्हायला फार लागतं. खानापूर तालुक्यातला एक पोरगा अशीच रायफल घेऊन आला होता, नळी बदलायचीच म्हणून ठाम. ट्रिगर गार्डच्या पुढचा स्क्रू बोटानं फिरत होता. स्प्रिंगचा धक्का आधी मागं आणि मग पुढं असा दुहेरी असतो, त्यात स्क्रू ढिले होतात. आवळला आणि स्क्रूच्या डोक्यावरून कुंद्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू सरकला, आवळा. ग्रुप त्याच दुपारी निम्मा झाला.

दुसरं कारण धरण्याचं. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून, वाळूच्या कडक पिशवीवर टेकवून मारली की ती प्रत्येक वेळी वेगळी उसळते. उघड्या तळहातावर अलगद ठेवा, दरवेळी कुंद्याच्या त्याच जागी, खांद्याला जेमतेम लागलेली. उसळायचं तेवढं उसळू दे, फक्त रोज सारखं.

आणि नळीत तेल सोडू नका. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते जळतं, धूर येतो, ठो असा आवाज येतो, पोरांना वाटतं पॉवर वाढली. वेग कधी वर कधी खाली, आणि सील जळतं.

पावसाळ्यात सगळंच बिघडतं. काय करावं?

खानापूर-जांबोटीकडं पाऊस आहेच तसा. लाकडी कुंदा ओल पिऊन फुगतो आणि नळीला कुठंतरी टेकतो. नळी आणि कुंदा यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघा, अडकली तर झीरो, म्हणजे साधून ठेवलेला नेम, बदलणारच. छर्‍यांवर पांढरट पूड धरते, तो शिशाचा गंज. असे छर्रे फेका आणि हात साबणानं धुवा. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, फोम ओल धरतो. पुसून, हलकं तेल लावून, हवेशीर पण कुलपात. एप्रिल-मेचं उलट : काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर तापत ठेवली तर दारूचा दाब आणि वेग बदलतो. सावलीत ठेवा.

नळी किती वेळा साफ करायची?

वाटते त्यापेक्षा कमी. एअर रायफलला अधूनमधून फेल्टच्या गोळ्या पुरतात. .२२ ला ग्रुप सुटायला लागला की. गज एकसंध, प्लॅस्टिकचं आवरण असलेला, आणि शक्यतो चेंबरच्या बाजूनं. तोंडाकडून लोखंडी गज घालून कडा घासली गेली तर जगातला कुठलाच लॉट तुम्हाला वाचवणार नाही.

.३१५ रायफलला व्हार्मिंटसारखा ग्रुप येईल?

नाही. इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ दणकट आहे, तिचं काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ऑस्ट्रियन लष्करी काडतुसावरून आलेलं, जड गोळीचं आणि मध्यम वेगाचं. साध्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, नेम. तिच्यात एकाच लॉटची काडतुसं वापरा, कुंद्याचे स्क्रू बघा, नळी गार होऊ द्या. त्यापुढं अपेक्षा नको.

रताळ्यात, भुईमुगात रानडुकरं घुसतात. एवढा नेम शिकून काय उपयोग मग?

नेम कितीही चांगला असला तरी परवानगीशिवाय डुकरावर बार टाकणं ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली शिकारच. एअर रायफलनं केली तरी शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीत परिशिष्टं कमी झाली, रानडुक्कर परिशिष्ट २ मध्ये आहे. पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. गवा आणि मोर परिशिष्ट १ मध्ये, त्यांचा विचारच सोडा. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांना हे पाठ असतं, बेळगाव तालुक्यातल्या रताळीवाल्यांना अजून नाही. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, वनखात्याकडं भरपाईचा अर्ज द्या, पंचनाम्याला मागं लागा. कुंपणाला ठराविक झटके देणारं सोलर यंत्र लावा. घरच्या लाइनचा करंट तारेला सोडणं हा गुन्हा आहे, आणि पहाटे मोटर बघायला गेलेला माणूस त्यात मरतो.

बेळगाव उंचावर आहे, गोव्यात झीरो बदलेल?

दहा मीटरवर काही नाही, ५० वर डोळ्याला न दिसण्याइतकं. आपण साडेसातशे मीटरच्या आसपास आहोत, हवा समुद्रकाठापेक्षा सात-आठ टक्के विरळ. तीनशे यार्डांवर मारणाऱ्यांनी त्याची चिंता करावी.

माझं लायसन्स कर्नाटकाचं. सरावाला कोल्हापूरला बंदूक नेऊ शकतो काय?

लायसन्सवर क्षेत्र काय लिहिलंय ते आधी वाचा. ते जिल्ह्यापुरतं किंवा राज्यापुरतं असेल तर सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं किंवा पलीकडं शिनोळीत बंदूक नेता येत नाही, तुमचं शेत पलीकडं असलं तरी. क्षेत्र वाढवायचा अर्ज ज्या कार्यालयानं लायसन्स दिलं तिथं करायचा. स्पर्धेचं पत्र आणि क्लबचा दाखला सोबत जोडा. लायसन्सवरचा शेरा कन्नडात असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर जवळ ठेवा, कागलच्या पुढच्या हवालदाराला समजावत बसायची वेळ येत नाही. काडतुसं आणि बंदूक वेगळ्या कुलूपबंद पेट्यांत. आणि दोन राज्यांच्या विधानसभा निवडणुका वेगवेगळ्या वेळी येतात, हे तारखा ठरवताना लक्षात घ्या : इकडची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येते, त्यामुळे सवलतीचा अर्ज नोटिशीची वाट न बघता आधीच टाकून ठेवावा.